तीस किलो, अधिक सात

मला किलो कळतात ते विमानतळामुळे.
तीस सामानात, सात हातात.
वर थोडं जरी गेलं की काउंटरवरची पोरगी मान हलवते
आणि रांगेसमोर लोणच्याची बरणी बाहेर येते.

म्हणून पहिल्या दिवशी इब्तिसामने विचारलं, किती उचलशील,
तर तोंडातून आपसूक निघालं : तीस.
ती हसली. नुसता दांडाच वीसचा असतो, म्हणाली,
दोन्ही टोकांना पाच-पाच लाव,
झाली तुझी बॅग.

मुहर्रकमधली जिम, सकाळी दहा ते एक बायकांची.
काचांना आतून तपकिरी कागद,
दाराशी खुंट्यांवर अबाया,
बाहेर ऑगस्ट, ओल्या चादरीसारखी हवा,
आणि दर दहा मिनिटांनी छपरावरून एक विमान,
कुणाचे तरी तीस अधिक सात घेऊन.
इब्तिसामला प म्हणता येत नाही.
पद्मजाची मी बद्मजा झाले.
चालतंय. त्रेपन्नाव्या वर्षी थोडं बद असायला हरकत नाही.

कंबरेच्या हाडाचा आकडा आला होता उणे दोन पूर्णांक सहा.
मी नर्स आहे, मला अर्थ विचारावा लागला नाही.
सव्वीस वर्षं वॉर्डात माणसं उचलली,
कुशीवर वळवली, खुर्चीत बसवली,
सगळी पाठीतून, सगळी चुकीची.
हे मला कोण सांगतं, तर सत्तावीस वर्षांची मुलगी,
हाताला खडूची पूड फासून :
दोन्ही हातांत पिशव्या असल्या की गाडीचं दार
कसं लावतेस? ढुंगणाने.
तसंच. मागे ढकल, मग उचल.

हाड मुकं नसतं म्हणे.
आत पेशी कान लावून बसलेल्या असतात,
ओझ्याखाली हाड केसभर वाकलं
की गवंड्याला हाक मारतात.
चालण्याची कुजबुज त्यांना आता पुरत नाही,
जरा मोठ्याने बोलावं लागतं.

सहा आठवड्यांत तीसचे पंचेचाळीस.
मांडी टेपने मोजली, होती तेवढीच.
मग वाढलं काय?
तारा, म्हणाली इब्तिसाम. निम्मे तंतू आजवर रजेवर होते,
आता हजेरी लावतायत.
मला आमची सकाळची पाळी आठवली.

वहीत लिहिते :
साडेसत्तेचाळीस, पाच वेळा, तीनदा.
डावा गुडघा कुरकुरला.
अंडी दोन. झोप चार तास.
त्या चारवर तिने लाल गोल केला.
स्नायू इथे उसवतो, झोपेत शिवला जातो,
तू शिंप्याला दुकानच उघडू देत नाहीस.
साठ किलो त्या दिवशी जमिनीवरून हललेच नाहीत.
मी ओढत राहिले, दिवे पिवळे झाले,
दांडा तसाच, जणू फरशीतून उगवलेला.
खाली ठेव, ती म्हणाली.
अगं, उचललंच कुठे!

पुढचा आठवडा हलका. निम्मं वजन, निम्मे फेरे.
मला रागच आला. पैसे भरलेत मी.
पण गुरुवारी मेट्रन सोसम्माच्या टेबलापुढे उभी राहिले
आणि सव्वीस वर्षांत पहिल्यांदा म्हणाले,
मला रात्रपाळी नको.
कारण? तिने पेन उघडलं.
कारण साठ किलो, असं सांगता आलं असतं.
मी म्हटलं, झोप.
तिने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. तिचाही खुबा गेल्या वर्षीच बसवलाय.
सही केली.

चौदा महिन्यांनी पुन्हा त्याच यंत्राखाली आडवी झाले.
उणे दोन पूर्णांक सहा.
एका ठिपक्यानेही हललं नव्हतं.
डॉक्टर हनानने पडदा माझ्याकडे वळवला, म्हणाली,
या वयात हे दरसाल घसरतं. तुझं थांबलंय.
मला टाळ्या हव्या होत्या बहुधा. मी फाइल उचलली.

बसमध्ये वही काढली, तारीख घातली.
हाड : तेवढंच.
खाली सकाळचा हिशोब :
साडेबासष्ट, तीन वेळा.
शेवटचा जरा वाकडा.